नेकुलायच्या नावाची ताटली

अग्लाया तुदोसे माझ्या डोक्यावर राहते. म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर आणि ती चौथ्या. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकींची पावलं ऐकत आलो आहोत. आमच्या ब्रईला गावाच्या नदीवरच्या बंदरात ती क्रेन चालवते, जहाजांत गहू-मका भरणारी ती उंच क्रेन. बायकांमध्ये ती एकटीच. मी त्याच बंदराच्या दवाखान्यात नर्स होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी लोक सिस्टर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोडवत नाही. कुणाचे पाय सुजलेले दिसले की मी विचारल्याशिवाय राहत नाही, आणि कुणी मी सांगितलेलं ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं.

गेलं वर्षभर अग्लायाचं वजन हा आमच्या सबंध जिन्याचा विषय होता. सुरुवात जानेवारीत झाली. बंदरात सुरक्षा बघायला रारेश नावाचा नवा तरुण इंजिनियर आला आणि त्याने पट्टे आणले. क्रेनची शिडी चढताना खांद्यांवरून, मांड्यांखालून बांधायचा पट्टा. तीस वर्षं कुणी पट्टा बांधला नव्हता आणि कुणी पडलंही नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. पट्ट्याच्या आत एक चिठ्ठी शिवलेली होती: शंभर किलोपर्यंत. अंगावरचे कपडे, बूट, वॉकीटॉकी सगळं धरून. अग्लाया काट्यावर उभी राहिली तर एकशे नऊ.

पोरगा सभ्य होता. म्हणाला, "मावशी, ऑक्टोबरचा पहिला सोमवार. तोवर मी गप्प बसतो. तोवर नाही जमलं तर मात्र तुम्हाला खाली घ्यावं लागेल."

"खाली कुठे?"

"वजनकाट्यावर जागा आहे."

ट्रकचा वजनकाटा, पण एवढं स्पष्टीकरण ऐकायला कोण थांबतंय. बंदर तीन दिवस हसत होतं. अग्लायाही त्यांच्याबरोबर हसली, बसने घरी आली आणि कोट न काढता माझ्या दारात उभी राहिली.

"सिस्टर, मला खाली बसवू नका."

"मी कोण बसवणारी?"

"वजन कसं उतरवतात ते तुम्हाला येतं. माझी निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. ती मला वर काढायचीत. मी तुम्ही सांगाल ते करीन."

ती हे का म्हणत होती ते मला पुरतं ठाऊक होतं. जमिनीवर ही बाई स्वस्थ बसूच शकत नाही. पुसलेलं टेबल पुन्हा पुसते, बसथांब्यावर बाकडं रिकामं असलं तरी येरझाऱ्या घालते, बोलता बोलता तुमच्या टेबलक्लॉथचे धागे उपसून ठेवते. नवरा गेल्यापासून तर फारच. नेकुलाय अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेला, त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. नदीवरच्या टगबोटीवर तो स्वयंपाकी होता. तो गेल्यावर ही घरात नुसती फिरत असायची, आणि मी खाली पडून ऐकत असायची. पण वर क्रेनच्या केबिनमध्ये ती वेगळी असते. एकदा वरच्या एका माणसाला चक्कर आली म्हणून मी बॅग घेऊन ती शिडी चढले होते, तेव्हा शेजारच्या क्रेनच्या केबिनमध्ये ती मला दिसली. दोन हात दोन दांड्यांवर, नजर खाली जहाजाच्या पोटात, आणि बाकी शरीर इतकं शांत की मी क्षणभर ओळखलंच नाही. वर भूकसुद्धा लागत नाही, असं ती म्हणायची.

मी कागद केला. सकाळी काय, दुपारी काय, पाव किती, तेल किती. तिने तो फ्रिजवर चिकटवला आणि अगदी प्रामाणिकपणे पाळायला लागली. पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं. मग ती म्हणाली, "आता मोठा उपास येतोयच, सिस्टर. ईस्टरपर्यंत सात आठवडे. देवही मदतीला आला."

इथे मी चुकले. मी याच गावात जन्मले, नर्स म्हणून छत्तीस वर्षं काढली, आणि तरी मला वाटलं की चला, सुटलो. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. पण उपासाला तिळाचा हलवा चालतो. अक्रोड चालतात, आलुबुखाऱ्याचा जॅम चालतो, तेलात परतलेले बटाटे चालतात, वाटलेल्या चवळीवर लाल तळलेला कांदा चालतो, आणि पाव तर काय, देवाला पावाचं कधीच वावडं नव्हतं. अग्लायाने एक दिवसही उपास मोडला नाही. ईस्टरच्या सोमवारी तिला माझ्या काट्यावर उभी केली तर एकशे अकरा.

तळमजल्यावरचा पंडेले दिवसभर जिन्यासमोरच्या बाकड्यावर बसून असतो. त्याला कसं कळलं देव जाणे. मला म्हणाला, "सिस्टरबाई, आता तिला मटण द्या. उपासाने माणसाला फार बाळसं येतं."

"तुम्ही स्वतःच्या यकृताकडे बघा," मी म्हटलं.

"ते उपास करत नाही, म्हणून बारीक आहे."

पण हलव्याने साडेतीन किलो वाढतात, ते सात आठवड्यांत समजण्यासारखं आहे. ईस्टरनंतर काय? कागद पुन्हा सुरू झाला, ती बंदरात डब्यात काकडी आणि उकडलेली कोंबडी नेत होती हे मी दुसऱ्यांकडून खात्री करून घेतलं होतं, आणि काटा हलत नव्हता. कारण मला माहीत होतं. इतके दिवस मी त्याकडे कानाडोळा केला होता, एवढंच. रोज रात्री साडेदहाला माझ्या डोक्यावर खुर्ची सरकायची. त्याआधी कपाटाचं दार, तवा, चमचा. खुर्ची सरकली की अर्धा तास काही नाही. मग नळाचं पाणी. दिवसभराचं सगळं त्या अर्ध्या तासात पाण्यात जायचं.

मी तिला विचारलं. तिने नाकारलं नाही.

"रात्री खाते."

"भूक लागते?"

"नाही."

"मग?"

ती माझ्या टेबलक्लॉथचा धागा ओढत बसली.

मी उपाय काढले. नऊ वाजता दात घासायचे, एकदा तोंड धुतलं की खाण्याचा मोह कमी होतो. लिंडनच्या फुलांचा चहा. सूर्यफुलाच्या बिया घरात आणायच्याच नाहीत. काही झालं नाही. मग मी सरळ तिचा फ्रिज रिकामा केला. तिनेच दोन पिशव्या भरून खाली आणून दिल्या: सलामी, चीज, कोबीत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं, सगळं. माझ्या फ्रिजचं दार लागेना. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला मी तिला मोजून वाढून देणार, असं ठरलं. त्या रात्री मी विजयी मुद्रेने पडले. साडेदहाला खुर्ची सरकली.

सकाळी कळलं, पीठ राहिलं होतं. पीठ, पाणी, मीठ आणि तेल. तिने पुऱ्या तळल्या होत्या.

मे महिन्याचा तो दुसरा आठवडा. मी पीठही आणलं. तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा वर आवाज झाले, तेव्हा मात्र माझं पित्त खवळलं. गाऊनवर स्वेटर घालून मी जिना चढले. दार उघडंच होतं. अग्लाया टेबलाशी बसली होती. समोर ताटली, ताटलीत ममालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिच्यावर किसलेलं चीज आणि साय. मका तिने बंदरातून आणून घरी दळला असणार, चीज आणि साय येताना दुकानातून. क्रेनच्या तोंडातून सांडलेला मूठभर मका कुणी विचारत नाही.

"हे काय चाललंय?" मी दारात कमरेवर हात ठेवून विचारलं.

ती उठली नाही. म्हणाली, "हे नेकुलायचं आहे. त्याच्या आत्म्यासाठी. पोमाना."

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने जेवण देतात ती पोमाना. शेजाऱ्याच्या दारात ताटली न्यायची, वर मेणबत्ती लावायची, म्हणायचं, हे अमक्याच्या आत्म्याला पोचू दे. घेणारा 'बोगदाप्रोस्ते' म्हणतो, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि खातो. त्याने खाल्लं की तिकडे मेलेल्याच्या पुढ्यात ताट येतं. मी चर्चमध्ये वर्षातून दोनदा जाणारी बाई आहे, पण पोमानाला कधी नाही म्हटलेलं नाही. तिचे नियम इथे लहान मुलालाही येतात. म्हणूनच मी इतकी चिडले.

"पोमाना दुसऱ्याला देतात, अग्लाया. स्वतःच्याच तोंडात घातली की ते जेवण झालं. तू दीड वर्ष त्याच्या नावाने खातेयस आणि ते सगळं तुझ्या कमरेला लागलंय. त्याला बिचाऱ्याला एक घाससुद्धा पोचलेला नाही."

बोलले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माणसाला वाईट बातमी देताना मी दवाखान्यात असंख्य चेहरे पाहिले आहेत. त्यांतलाच तो एक होता. तिने चमचा खाली ठेवला. मी आणखी काही तरी बोलले, उद्या सकाळी सात वाजता ये वगैरे, आणि खाली आले. रात्रभर माझा डोळा लागला नाही. वर ती फिरत होती, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

दुसऱ्या रात्री साडेदहाला माझी बेल वाजली. अग्लाया उभी होती. हातात नवी कोरी ताटली, निळ्या काठाची, वर मेणबत्ती, बाजूला चमचा. ताटलीत चवळी आणि सॉसेज.

"नेकुलायच्या आत्म्याला पोचू दे," ती म्हणाली.

मी जेवून, दात घासून, कवळी पेल्यात टाकून बसले होते. पण दारात आलेली पोमाना परत पाठवता येत नाही, आणि आदल्या रात्री नियम सांगितले होते कुणी? मी 'बोगदाप्रोस्ते' म्हटलं, ताटली घेतली, कवळी पुन्हा लावली आणि चवळी खाल्ली. ती थांबली नाही. वर जाऊन येरझाऱ्या घालू लागली.

तिसऱ्या रात्री पुन्हा. चौथ्या रात्री पुन्हा. पाचव्या रात्री मी म्हटलं, "अगं, रोज?"

"दीड वर्षाचं राहिलंय ना, सिस्टर. तुम्हीच म्हणालात."

मी ताटली घेतली. ताटल्यांचा प्रश्न मात्र लवकरच उभा राहिला. पोमानाची ताटली आणि चमचा घेणाऱ्याकडेच राहतात, ती परत घेत नाहीत. आठवड्यात माझ्याकडे सात ताटल्या झाल्या. शेवटी वाटाघाटी करून ठरलं की नवी ताटली फक्त शनिवारी, शनिवार मेलेल्यांचा वार असतो म्हणून. बाकी दिवस साध्या डब्यात चालेल, डबा परत जाईल. मेणबत्ती रोज. माझ्या स्वयंपाकघरात चर्चचा वास येऊ लागला.

आणि तिचं वजन उतरू लागलं. जूनमध्ये एकशे आठ, जुलैच्या मध्यावर एकशे पाच. मी तिचं खाणं परत देऊन टाकलं, आता कुलूप घालण्याची गरजच नव्हती. ती रात्री तासभर शिजवायची, ते सगळं खाली आणायची आणि वर जाऊन रिकाम्या पोटी फिरायची. मी झोपायची नाही. एक तर पोट जड, आणि वर तिची पावलं. मध्येच पावलं थांबली की माझा जीव टांगणीला लागायचा, आता खुर्ची सरकते की काय. ती सरकायची नाही. पुन्हा पावलं सुरू व्हायची. ऑगस्टच्या उकाड्यात आम्ही दोघी अशा एकीवर एक जाग्या असायचो.

माझं काय झालं ते सांगायला नको, तरी सांगते. सप्टेंबरपर्यंत माझ्या स्कर्टचे हूक दोनदा सरकवले. पंडेले बाकड्यावरून म्हणाला, "सिस्टरबाई, अग्लायाच्या घरातून दहा किलो चोरीला गेलेत म्हणे. पोलीस तुमच्याकडे यायच्या आत कबुली देऊन टाका."

"पोमाना आहे ती. तुम्हालाही पाठवते उद्यापासून."

"मला नको. मी मेलेल्या माणसाचं देणं लागत नाही," तो म्हणाला, आणि मला ते लागलं. कारण मी लागत होते. मे महिन्यातलं ते वाक्य मला रोज चवळीबरोबर गिळावं लागत होतं. तो माणूस किती बारीक होऊन गेला ते मी पाहिलं होतं. त्याच्या पोटातल्या नळीची पट्टी मीच बदलायला वर जायची. त्याच्या बायकोला, त्याला घासही पोचला नाही, असं मी सांगितलं. तिची माफी मागायची हिंमत मला होत नव्हती. म्हणून खात होते.

शेवटचे दिवस वाईट गेले. सप्टेंबरच्या अखेरीला ती बूट, कपडे, वॉकीटॉकी, सगळं अंगावर घेऊन माझ्या काट्यावर उभी राहायची. शंभर आणि दोनशे ग्रॅम. नव्याण्णव आणि नऊशे. पुन्हा शंभर. तिने केस कापून घेतले. शेवटच्या रविवारी संध्याकाळी नव्याण्णव आणि सातशे आलं. "आता सकाळपर्यंत पाणीसुद्धा जपून," मी म्हटलं. "आणि झोप. फिरू नकोस."

"झोपते," ती म्हणाली. तिचे हात माझ्या टेबलावरून एकसारखे फिरत होते.

त्या रात्री साडेदहाला बेल वाजली. डब्यात मासा होता, नदीतला मोठा मासा, मिठावर भाजून लसणाच्या गरम पाण्यात सोडलेला, सोबत ममालिगा. मी दार अर्धवट उघडून म्हटलं, "आज नको, अग्लाया. माझी उद्या सकाळी रक्ताची तपासणी आहे. आठनंतर काही खायचं नाही. साखर वाढलीय म्हणतात, आणि ती कशाने वाढली ते तुला माहीत आहे."

"थोडंसं."

"थोडंसंही नाही. एक दिवस नाही पोचलं तर काय होतंय? उद्या दुप्पट आण."

ती डबा घेऊन वर गेली. मी दिवा मालवला. वर पावलं नव्हती. पाच मिनिटं गेली. मग खुर्ची सरकली.

साडेचार महिन्यांनी तो आवाज ऐकला. मी अनवाणीच जिना चढले. दार लोटलेलं होतं. अग्लाया टेबलाशी बसली होती, मासा डब्यातून ताटलीत काढलेला, हातात चमचा. घास घेतलेला नव्हता. मी आत गेले.

"पोमाना नव्हती ती," ती म्हणाली. "तेव्हा, मे महिन्यात. मी खोटं बोलले."

"मग काय होतं?"

"तो शिजवायचा, सिस्टर. घशाखाली पाणी उतरत नव्हतं तेव्हासुद्धा. रात्री नळीतून ते दूध सोडून झालं की साडेदहाला उठायचा, भिंतीला धरून इथे यायचा. मला म्हणायचा, बस. काहीतरी करायचा, थोडंच. मग तिथे समोर बसून माझ्याकडे बघायचा. मीठ कसं आहे, विचारायचा. त्याला चव घेता येत नव्हती ना. मी सांगायची, जरा कमी आहे. दुसऱ्या रात्री नेमकं करायचा. मला भूक नसायची, तरी खायची. शेवटचे तीन आठवडे उठता येईना, तर मी करून त्याच्या पलंगाशी बसून खायची. तू खा, म्हणायचा, मी बघतो."

"मग मला पोमाना का म्हणालीस?"

"तुम्ही दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होतात. काहीतरी सांगायला हवं होतं."

मला लाज वाटली. एवढी वर्षं मी माणसांना गोळ्या दिल्या, नळ्या घातल्या, पथ्यं सांगितली, आणि माझ्या डोक्यावर रोज रात्री काय चाललं होतं ते मला कळलं नव्हतं. कपाट, तवा, खुर्ची, सगळं ऐकलं होतं, आणि त्यावरून एवढाच निष्कर्ष काढला होता की बाईला तोंडावर ताबा नाही. "मी चुकीचं बोलले होते," मी म्हटलं. "त्याला पोचत होतं. मला माफ कर."

तिने मान हलवली. माफ केलं की नाही ते समजलं नाही. ती ताटलीकडे बघत होती.

"हे खाल्लं तर उद्या वर जाता येणार नाही."

"नाही."

"आणि नाही खाल्लं तर तो नुसता बसून राहील. खाली तुम्ही जेवताय हे ठाऊक होतं तोवर मला फिरता तरी येत होतं. आज ते पण नाही."

मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. म्हटलं, "ऊठ तिथून."

ती उठली. मी तिच्या खुर्चीत बसले आणि ताटली पुढे ओढली. तिला वाटलं मी ती उचलून नेणार. मी मासा फोडला. ती टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीशी गेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली आणि मग बसली. ती खुर्ची नेकुलायची. तो गेल्यापासून तीत कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"रक्त?" तिने विचारलं.

"रक्त मंगळवारीही तिथेच असेल."

"मग तुम्ही खा," ती म्हणाली. "मी बघते."

मी खाल्लं. कुणी समोर बसून बघत असताना खाणं सोपं नसतं. सुरुवातीला घास तोंडात फिरत राहिला. मासा थंड झाला होता. निम्म्यावर आल्यावर तिने विचारलं, "मीठ कसं आहे?"

बरं आहे म्हणणार होते. मग म्हटलं, "माशाला ठीक आहे. ममालिगेत घालायचंच विसरलीस."

"खरंच?"

"चव घेऊन बघ म्हटलं असतं, पण आज नको."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने पुसलं नाही. तिचे दोन्ही हात टेबलावर होते, पालथे. मी ताटली पुसून घेईपर्यंत ते तिथेच राहिले, एकदाही हलले नाहीत. मग मी म्हटलं जाते, ती म्हणाली जा, आणि खाली येऊन पडले तेव्हा वर काहीच आवाज नव्हता. सकाळी गजराने जाग आली.

सोमवारी मी तिच्याबरोबर बंदरात गेले. चला म्हणाली म्हणून. फाटकाजवळच्या खोलीत रारेशने काटा मांडला होता. तीनचार क्रेनवाले उगाचच काहीतरी काम काढून दारात रेंगाळत होते. अग्लाया बूट, कपडे, हेल्मेट, वॉकीटॉकी, सगळ्यासकट वर चढली. काटा जरा थरथरला आणि नव्याण्णव किलो सहाशे ग्रॅमवर थांबला. रात्रीचा तो मासा आणि ममालिगा मिळून अर्धा किलो तरी असेल. मी मनात बेरीज केली आणि भिंतीला टेकले.

रारेशने कागदावर लिहिलं, दोनदा तपासलं, आणि त्याचा चेहरा एकदम पोराचा झाला. "मावशी, मला वाटलं नव्हतं जमेल. कसं केलंत? आमच्याकडे आणखी चौघे आहेत शंभरच्या वरचे, त्यांनाही सांगा. रात्रीचं खाणं सुटत नाही म्हणतात."

अग्लाया पट्ट्याचा मांडीखालचा बंद ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"रात्रीचं एकट्याने सुटत नाही," ती म्हणाली. "समोर दुसरं माणूस लागतं. त्यांना विचार, कोण आहे का."

दारातले क्रेनवाले हसायच्या तयारीत होते, पण कुणी हसलं नाही. तिने पट्ट्याचा आकडा शिडीच्या दोरीला अडकवला, एकदा ओढून पाहिला आणि चढायला लागली. मी खाली उभी राहून बघत होते. ती मध्ये कुठेही थांबली नाही.